पिवळ्या रेषेच्या आत मीठ

हँगरमध्ये त्याला सगळे खारट म्हणतात आणि तो 'ओ' देतो. घरी मात्र तो माझा व्याही लागतो. त्याची मुलगी माझी सून. लग्नाआधी पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो, कधी कधी त्याहून खालचंही काही बोलत होतो. लग्न ठरलं आणि बायकांनी फर्मान काढलं, आता 'अहो व्याही' म्हणायचं. तेव्हापासून घरी आमचं 'अहो, घ्या ना, लाजताय काय' चालतं आणि हँगरच्या दारातून आत शिरलो की आम्ही पुन्हा मूळ पदावर येतो. ही गोष्ट हँगरमधली आहे, तेव्हा मी अरे-तुरेच करणार. सूनबाईने वाचलं तर वाचू दे.

मी हत्यारांच्या स्टोअरचा माणूस. एकाच खिडकीमागे बसून पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर देतो आणि परत घेतो. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगात काढलेला आहे. संध्याकाळी त्यातला एक आकार जरी रिकामा दिसला तरी विमान जागचं हलत नाही, कारण हरवलेला पाना विमानाच्या पोटात असू शकतो. लोक म्हणतात मी चिडका आहे. मी अजिबात चिडका नाही. ग्रीसने बरबटलेला पाना तसाच खिडकीत आपटून जाणारी माणसं मला आवडत नाहीत, एवढंच. आणि खारट सोडला तर या हँगरमध्ये सगळी तसलीच भरलीत.

आमची विमानं नौदलाची, समुद्रावर गस्त घालणारी. चार पंख्यांची, लांबलचक शेपटीची. दहा-दहा तास पाण्यावरून उडतात, तीही इतक्या खालून की लाटांचे तुषार अंगावर घेऊनच परततात. कुठे चोरटी बोट दिसते का, कुठे पाणबुडी लपलीय का, कुठे वाट चुकलेला मच्छीमार हात हलवतोय का, हे बघत फिरायचं आणि घरी येताना अंगावर मीठ घेऊन यायचं. हे मीठ फार हलकट. वरून रंग शाबूत ठेवतं आणि आतून पत्र्याचा भुगा करतं. म्हणून विमान उतरलं की आधी आंघोळ. गोड्या पाण्याने, नाकापासून शेपटीपर्यंत. मग तपासनीस येणार, मीठ गेलंय का बघणार आणि वहीवर आपल्या नंबरचा शिक्का मारणार. त्या शिक्क्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही. खारटचा शिक्का नऊ नंबरचा.

आता तपासायचं कसं, तर त्यासाठी कागदाच्या पट्ट्या असतात, पत्र्याला चिकटवून रंग बघायचा. खारटच्या मते पट्ट्या म्हणजे भित्र्या लोकांचं काम. तो छातीच्या खिशातून पांढरं फडकं काढायचा, उजव्या हाताचं पहिलं बोट स्वच्छ पुसायचा, पंख जिथे अंगाला जोडलाय तिथून ते बोट फिरवायचा आणि सरळ जिभेला लावायचा. डोळे मिटायचे. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग 'गोड' म्हणाला की शिक्का, आणि 'खारट' म्हणाला की पुन्हा नळ्या, पुन्हा शिड्या, पुन्हा चाळीस मिनिटं पाणी. नाव पडलं ते त्यावरून. अठ्ठावीस वर्षांत त्याची जीभ एकदाही चुकली नाही. मी मुद्दाम हे लिहितोय, कारण पुढे ती चुकल्यासारखी दिसणार आहे.

त्याचा आणखी एक पराक्रम सांगायलाच हवा, नाहीतर तो रागावेल. या विमानांच्या शेपटीत पूर्वी पाणी साचायचं. धुतलेलं पाणी आत शिरायचं, ते बाहेर पडायला वाटच नव्हती. खारटने कारखान्याला पत्रं लिहिली. एक नाही, आठ. सोबत स्वतः काढलेली चित्रं, त्यात विमान बदकासारखं दिसायचं. आठव्या पत्रानंतर कारखान्याचा एक साहेब कोट घालून आला आणि खारटने त्याला शेपटीखाली ओल्या जमिनीवर उताणं झोपवलं. वर्षभराने हुकूम आला: शेपटीच्या तळाला अमुक जागी पेन्सिलीएवढं भोक पाडा. नंतर बनलेलं प्रत्येक विमान ते भोक घेऊनच कारखान्यातून बाहेर पडलं. हुकमात लिहिलं होतं, 'एका तळावरून आलेल्या सूचनेनुसार.' खारट पाहुण्यांना तो कागद दाखवतो आणि सांगतो, "एका तळावरून म्हणजे मी." माझ्या मुलाला जावई म्हणून पसंत केलं त्या दिवशीही आधी भोक दाखवलं, मग मुलगी.

आणि त्याचा नियम. हँगरच्या दाराबाहेर जिथे विमान धुतात, त्या फरशीच्या कडेने एक पिवळी रेषा आहे. रेषेच्या आत, म्हणजे फरशीवर किंवा हँगरमध्ये कुठेही, मीठ किंवा मिठाचा कुठलाही पदार्थ आणायचा नाही. जो आणेल त्याला एक महिना हँगरबंदी. फलक खारटच्याच अक्षरात, खाली साहेबांची सही. बारा वर्षांपूर्वी माझ्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी सापडली तेव्हा या माणसाने मला, म्हणजे पुढे होणाऱ्या व्याह्याला, महिनाभर बाहेरच्या कचेरीत कागद मोजायला बसवलं. मी म्हटलं, "अरे, दाणे आहेत, दारूगोळा नाही!" तर म्हणतो, "दारूगोळा परवडला." तो राग अजून माझ्या पोटात आहे.

तर असा हा माणूस निवृत्तीला तीन महिने उरले असताना डॉक्टरांच्या तावडीत सापडला. रक्तदाब. डॉक्टरांनी एकच सांगितलं, मीठ बंद. विहीणबाई मागे उभ्या होत्या. त्या बाईंना कुणी एकदा काही सांगितलं की झालं. त्याच दिवशी घरातली मिठाची बरणी शेजारी गेली. भाजी बिनमिठाची, डाळ बिनमिठाची, उकडलेलं अंडंसुद्धा नुसतं. तो दुपारी माझ्या स्टोअरमध्ये डबा खायला बसायचा. बटाट्याची फोड तोंडात घालायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की माझ्याच घशाखाली घास उतरेना.

पंधरा दिवस मी सहन केलं. सोळाव्या दिवशी माझी मती फिरली. पिना ठेवायची एक छोटी पत्र्याची डबी होती, ती धुऊन पुसून तिच्यात घरून मीठ आणलं आणि त्याच्या डब्याशेजारी ठेवलं.

तो ताडकन उठला. "वेडा झालास का? रेषेच्या आत?"

"चिमूटभर घे आणि गप्प बस," मी म्हटलं. "विमानावर भुरभुरवायला नाही सांगत."

तो पुन्हा खाली बसला. मग त्याने चिमूट घेतली, बटाट्यावर टाकली, खाल्लं, आणि खरं सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला, "डबी मीच ठेवतो. तुझ्याकडे सापडली तर तुझा दुसरा गुन्हा होईल." आणि ती त्याने छातीच्या खिशात टाकली. मला वाटलं, काय मोठं मन! खिशात आणखी काय असतं हे तेव्हा ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

त्यानंतर महिन्याभरात विमानं खारट निघायला लागली. आधी दहातलं एखादं, मग प्रत्येक. धुतलं, खारट. पुन्हा धुतलं, खारट. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुठे गोड. धुणारी मंडळी भिजून चिंब, नळ्या गरम, वैमानिक घड्याळ बघताहेत, आणि हा डोळे मिटून म्हणतोय, "खारट. परत." कारण त्याने स्वतःच शोधून काढलं: "दोन महिने अळणी खातोय ना, जीभ कशी तासल्यासारखी झालीय. पूर्वी जे कळत नव्हतं ते आता कळतं." हे तो माझ्यासमोर, माझंच मीठ खाऊन सांगायचा आणि मी मान डोलवायचो! स्टोअरमध्ये आम्ही दोघे किती खोटं बोलतो हे आम्हालाच आठवत नसे.

शेवटी साहेबांनी मीठ मोजायचं मीटर मागवलं. मोबाइलएवढं यंत्र, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. त्याने शून्य दाखवलं. खारट म्हणाला, "ताप बघायचं खेळणं आहे ते." हे झालं म्हातारीवर. म्हातारी म्हणजे आमचं सगळ्यांत जुनं विमान. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते नवंकोरं आलं तेव्हा त्याच्या पहिल्या आंघोळीवर शिक्का मारला तो खारटने, नोकरीतला त्याचा पहिलाच. शेवटचा शिक्काही म्हातारीवरच मारायचा, हे त्याने केव्हाच जाहीर केलं होतं. नोकरीतली सगळी हौस त्याने त्या एका दिवसासाठी राखून ठेवली होती. त्या दिवसाला पंचवीस दिवस उरले होते.

म्हातारीच्या कॅप्टन बाई संतापल्या. धिप्पाड बाई, आवाज इंजिनावर मात करणारा. "शून्य म्हणजे शून्य! माझी दहा माणसं सकाळपासून ताटकळत बसलीत."

"बाई, तुम्ही उडवता, मी तपासतो," खारट म्हणाला. "मीठ वरचं नाही, आतून पाझरतंय. शेपटीतलं भोक तुंबलं असणार. तळाचा पत्रा उघडा. आत गंज नाही निघाला तर माझा शिक्का टेबलावर ठेवतो."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण या माणसाची जीभ कधी चुकली नव्हती, तेव्हा उघडा म्हणाले. तो पत्रा ब्याऐंशी स्क्रूंचा. जुने, रंगाने जाम झालेले. तीन दिवस गेले. म्हातारी शेपूट उघडी टाकून हँगरमध्ये बसली आणि तिच्या वाटची गस्त दुसऱ्या विमानाने दुप्पट तास उडून भागवली. माझ्याकडून अकरा स्क्रू-ड्रायव्हर गेले, अकराही ग्रीस लागून आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रा निघाला. आत लख्ख. भोकही मोकळं, आरपार उजेड दिसत होता. खारट सरळ माझ्या खिडकीपाशी आला. घामाघूम झाला होता. खिशातलं पांढरं फडकं काढून त्याने कपाळ पुसलं आणि ते माझ्या टेबलावर टाकलं. टेबलाला काळं रबर आहे. त्या रबरावर पांढरे कण सांडले.

मी कणांकडे बघितलं. त्याने कणांकडे बघितलं. मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं.

"डबी काढ," मी म्हटलं.

त्याने डबी काढली. झाकण सैल झालं होतं. दीड महिना ते मीठ खिशात फडक्यावर झिरपत होतं, आणि हा शहाणा प्रत्येक तपासणीआधी त्याच फडक्याने बोट 'स्वच्छ' पुसत होता. जीभ बिचारी खरं तेच सांगत होती. मीठ होतंच. विमानाला नव्हतं, इतकंच.

मला आधी हसू आलं. असं आलं की मी स्टुलावरून पडायच्या बेतात होतो. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू तिथेच विरलं.

"ऐक," मी दबक्या आवाजात म्हटलं. "फडकं मी जाळतो. तू एवढंच म्हण की वय झालं, जीभ थकली. साहेब पाठ थोपटतील. बावीस दिवस मीटर वापर, म्हातारीवर शेवटचा शिक्का मार आणि सुखाने घरी जा. मिठाचं बोललास तर महिनाभर बाहेर. तुझ्याकडे महिना आहे का? बावीस दिवस आहेत!"

"माहितीय मला. फलक मीच लिहिलाय."

"मग?"

"त्या बाईंची दहा माणसं आणि दुसऱ्या विमानाची दहा. तीन दिवस. माझ्या एका चिमटीपायी." त्याने फडक्याची घडी घातली. "आणि जीभ थकली असं नाही म्हणणार मी. ती नाही थकली."

मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. तो तसाच पुढे गेला. साहेब, कॅप्टन बाई, धुणारी मंडळी, सगळे शेपटीखाली उभे होते. त्याने डबी आणि फडकं दोन्ही हत्यारांच्या पेटीवर ठेवलं आणि म्हणाला, "मीठ मी आणलं. रेषेच्या आत. दीड महिना खात होतो. ते बोटाला लागत होतं." माझं नावही घेतलं नाही. मीच मागून ओरडलो, "डबी माझी आहे!" पण तोवर कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

साहेबांनी फलकाकडे बघितलं, मग खारटकडे. "काहीतरी पळवाट काढता येईल हो," ते हळूच म्हणाले.

"यांना शेंगदाण्यांसाठी महिना बाहेर बसवला होता, साहेब," खारट माझ्याकडे बोट करून म्हणाला. "तेव्हा कुठे काढली होती पळवाट?" आणि नऊ नंबरचा शिक्का माझ्या स्टोअरमध्ये जमा करून तो रेषेच्या बाहेर चालत गेला. मलाही दुसऱ्या गुन्ह्याबद्दल बाहेर काढा म्हणून मी साहेबांच्या मागे लागलो, तर ते म्हणाले, "हत्यारं कोण मोजणार? तुमची शिक्षा आम्ही विहीणबाईंकडे सोपवलीय." बारा वर्षांचा राग काढायची संधी आली होती आणि मला काढताच येईना.

दुसऱ्या दिवशी खारट एक स्टूल घेऊन आला आणि पिवळ्या रेषेच्या बाहेर, वीतभर अंतरावर बसला. हजेरी तर लावायचीच होती. विमान धुताना बघायचा. "डाव्या चाकाच्या मागे राहिलं रे!" असं ओरडायचा. तिसऱ्या दिवशी दुसरं स्टूल आलं. त्यावर विहीणबाई. बातमी घरी पोचली होती. त्या रोज दुपारी डबा घेऊन येत, शेजारी बसून शेवटच्या घासापर्यंत राखण करत आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणत, "व्याह्यांना नमस्कार सांगा हो. आणि या रविवारी जेवायला या." गेलो. पानात सगळं अळणी होतं. 'कसं झालंय' विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उत्तम." दुसरं काय म्हणणार?

बाविसाव्या दिवशी म्हातारी गस्तीवरून उतरली. रोज ती नाक पुढे करून धुवायच्या फरशीवर येते. त्या दिवशी थांबली, आणि ओढायची गाडी लावून मंडळींनी तिला फिरवलं. उलटी. शेपूट खारटच्या बाजूला. मग हळूहळू मागे, आणखी मागे, कॅप्टन बाई स्वतः खाली उतरून हाताने इशारे करताहेत, "अजून... अजून... बस!" चाकं रेषेच्या आत होती. शेपटीचं टोक रेषेच्या पार, दोन्ही स्टुलांच्या बरोबर वर.

खारट उठून उभा राहिला. "हे काय चाललंय?"

"बंदी रेषेच्या आत आहे," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले. "शेपूट बाहेर आहे. तुमचाच नियम, नीट वाचा." आणि मला म्हणाले, "शिक्का आणा."

पाणी सोडलं. चाळीस मिनिटं म्हातारीने आंघोळ केली. मग नळ्या बंद झाल्या. शेपटीच्या तळाच्या भोकातून, त्याच्या त्या पेन्सिलीएवढ्या भोकातून, पाण्याची बारीक धार पडायला लागली, मग थेंब. खारटने खिशाकडे हात नेला, थांबला, आणि बोट पुसायच्या भानगडीत न पडता मान वर करून सरळ तोंड उघडलं. थेंब जिभेवर पडला. त्याने डोळे मिटले.

विहीणबाईंना राहवेना. त्यांनीही तळहात पुढे केला, थेंब चाखला आणि म्हणाल्या, "ह्यात तर मीठ नाहीच आहे."

"तीन महिने तुझ्या हातचं जेवतोय," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मला कळतं."

सगळे खो-खो हसले. कॅप्टन बाई तर वाकून हसल्या. मी वही आणि शिक्का पुढे केला. त्याने शिक्का हातात घेतला, वहीवर नेला, आणि तिथेच धरून ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं. "खारट आहे का?"

"नाही रे. गोड आहे. स्वच्छ आहे." त्याने कॅप्टन बाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे. अठ्ठावीस वर्षांत मी या माणसाला नियमात नसलेलं काही मागताना बघितलं नव्हतं. "पण अजून एकदा धुता का? गरज काही नाही. मला बघायचंय."

धुणारी मंडळी भिजून कुडकुडत होती. सकाळपासूनची उभी होती. माझ्या स्टोअरमध्ये ग्रीस लागलेले सात पाने यायचे बाकी होते. कॅप्टन बाई फक्त मागे वळल्या आणि इंजिनावर मात करणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या, "पाणी सोडा!"

तो स्टुलावर बसला. विहीणबाईंनी आपलं स्टूल त्याच्याजवळ ओढून घेतलं. मी रेषा ओलांडून बाहेर गेलो आणि त्या दोघांशेजारी जमिनीवर बसलो.